वायरमनची लाल गाडी

आमच्या ह्यांना बाजारात कुणी नावानं ओळखत नाही, सगळे वायरमनच म्हणतात. मेकॅनिक इंजिन उघडतो, पत्रेवाला पत्रा ठोकतो आणि गाडीतल्या वायरींशी ज्याचं जमतं तो वायरमन. ह्यांचं इतकं जमायचं की ह्यांचा संसार वायरींशीच आहे आणि मी आपली मध्येच कुठेतरी जोडलेली आहे, असं मला वाटायचं.

माणूस मूळचाच चुळबुळ्या. जेवताना पाय हलणार, झोपेत बोटं वळणार. दुकान बंद केल्यापासून तर घरात नुसती भिंगरी. मिक्सर खोलतात, दारावरची बेल खोलतात, चांगला चालणारा पंखा थांबवून खोलतात. पूर्वी खोललेलं जोडायचेही. हल्ली ते तसंच राहतं, आणि मी ओरडले की मलाच विचारतात, "हा मिक्सर उघडला कुणी?"

लेकीनं ते फोनवर ऐकलं आणि मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन मोकळी झाली. हे भडकले.

"माझं डोकं ठिकाणावर आहे! मागची लाल गाडी एकट्यानं सुरू करून दाखवतो. झाली तर डॉक्टर रद्द."

लेकही ह्यांचीच. "ठरलं. उद्या निघायच्या आत करून दाखवा," म्हणाली आणि फोन ठेवला. बापलेकीची पैज लागली आणि मधल्या मध्ये अडकले मी. ह्यांनी जिंकावं असंही वाटत होतं, आणि जिंकले तर पुढं काय, हेही कळत नव्हतं.

लाल गाडी म्हणजे दोघांपुरती, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. बसणं सोपं, उठायला क्रेन हवी. अपघातात चेपून भंगारात निघालेली ही गाडी ह्यांनी घरी आणली आणि तिची वायर न वायर नव्यानं ओढली. पुढं ह्यांच्या कंबरेनं संप पुकारला आणि गाडी मागच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर चढली. तेव्हापासून ती चादरीखाली होती.

सकाळी चहा अर्धा टाकून हे शेडमध्ये गेले. चादर काढली, शिंका दिल्या, उंदरांना शिव्या दिल्या. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी आमच्याच जुन्या उशीतला कापूस नेऊन घर थाटलं होतं. ते काढलं. जुन्या पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा वास येत होता, ते उपसून ताजं भरलं. नवी बॅटरी जोडली. प्लग काढून घासले, इंजिनात तेलाचे थेंब सोडले. हात असे चालत होते की मी मनात म्हटलं, लेकीनं उगाच बाऊ केलाय.

किल्ली फिरवली. इंजिन घुर्र घुर्र करत फिरलं, पण पेट घेईना. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

हे उतरले, गाडीला फेरी मारली, पुन्हा बसले, पुन्हा उतरले. मी भाजी चिरायला घेतली होती, पण माझंही लक्ष लागेना. विळी सोडून दारात, दारातून परत विळीवर. शेवटी भाजी तशीच टाकली आणि शेडमध्ये जाऊन स्टुलावर बसले.

हे प्लग काढून घासत होते.

"अहो, प्लग सकाळीच घासलेत ना?"

"कुणी?"

 ह्यांनी प्लग बसवले, किल्ली फिरवली, खाली उतरले आणि पुन्हा तोच पाना उचलला. 

एवढी वर्षं ह्यांची बडबड ऐकून मलाही थोडं कळतं. किल्ली लावली की मागून पेट्रोलच्या पंपाची बारीक गुणगुण यायला हवी. ती येत नव्हती. आणि का येत नव्हती, ते मला ठाऊक होतं.

चोरस्विच! ती तर ह्यांची खासियत. गाडीत कुठेतरी लपवलेलं बटण. ते बंद असेल तर तुम्ही किल्ली फिरवा नाहीतर डोकं आपटा, पंप चालायचा नाही. प्रत्येक गाडीत जागा वेगळी. ती फक्त मालकाला सांगायची, तीही दुकानाबाहेर नेऊन, कानात. कागदावर तर कधीच लिहायची नाही. आमच्या गाडीतली जागा ह्यांनी माझ्या कानात सांगितली होती: ॲशट्रेच्या मागं. "चोर सिगारेट ओढणारा निघाला तर?" मी विचारलं होतं. "कामावर असताना कोण सिगारेट ओढतं गं?" हे म्हणाले होते. गाडी ठोकळ्यांवर चढवताना सवयीनं ते बटण ह्यांनीच बंद केलं असणार.

मी वाट पाहिली. आता आठवेल, मग आठवेल. ह्यांनी फ्यूज काढले, लावले. करंट तपासायचा टेस्ट लॅम्प हातात घेतला आणि कुठं लावायचा ते न सुचून नुसता धरून उभे राहिले.  मला बघवेना.

हे पाणी प्यायला आत गेले तशी मी गाडीत शिरले. म्हटलं, गुपचूप बटण दाबते. जिंकू दे ह्यांना. डॉक्टर गेला खड्ड्यात. ॲशट्रे ओढून काढली, आत बोट घातलं आणि वर बघते तर हे दारात उभे.

"काय करतेस?"

"काही नाही. इथं एक बटण दिसलं."

"सरक." हे शेजारी बसले, वाकून पाहिलं, बटण दाबलं, किल्ली लावली. मागून गुणगुण आली. पुढच्या क्षणी गाडी अशी गरजली की छतावरची धूळ आमच्या डोक्यावर पडली.

"झाली! बघ, झाली!" ह्यांनी स्टिअरिंगवर हात मारला. "फोन लाव तिला. म्हणावं, बाप अजून शाबूत आहे!" चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. मी हसले. आता तोंड उघडायचं नाही, असं ठरवूनच टाकलं.

मग हे पुन्हा त्या बटणाकडे वाकले. वायरवरून बोट फिरवलं, सांधा निरखला.

"काय सफाई आहे! कुठं जोड दिसतोय का बघ. वा! कुणाकडून करून घेतलं होतं गं आपण हे?"

खोटं बोलायचं होतं मला. एखाद्या कारागिराचं नाव ठोकून द्यायचं होतं. पण ह्यांनी माझ्याकडे असं विश्वासानं पाहिलं की मला खोटं बोलवलं नाही.

"तुम्हीच केलंत हो. तुमच्याच हातचं आहे."

हे आधी हसले. मी चेष्टा करतेय असं वाटलं असावं. मग माझा चेहरा निरखला. इंजिन चालूच होतं. ह्यांनी आपले दोन्ही हात समोर धरले, उलटेसुलटे करून पाहिले आणि किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"डॉक्टरकडे किती वाजता जायचंय?" ह्यांनी विचारलं.