ऐनवेळचे विषय

सभा संपली की अक्का फूटपट्टी काढायच्या. इतिवृत्ताच्या शेवटी पानावर जी कोरी जागा उरलेली असेल, तिथे अध्यक्षांच्या सहीपुरता एक चौकोन आखायच्या आणि बाकीच्या जागेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ ओढायच्या. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा न राहवून विचारलं, "अक्का, एवढं पान वाया?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "सर, कोरी जागा ठेवली की तिथं कोणीतरी राह्यला येतं."

जळगावातल्या आमच्या महाविद्यालयात त्या कार्यालय अधीक्षक होत्या. रोज पाचोऱ्याहून रेल्वेनं अपडाऊन. माहेर धुळ्याचं, पांझरा नदीपलीकडचं देवपूर. ऑफिसात बोलायच्या ते पुस्तकी मराठीत. राग आला की मात्र बोलण्यात 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' यायचं, आणि 'शे' आलं की कारकून मंडळी आपापल्या खुर्चीत सरळ होऊन बसायची. नाव प्राचार्यांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांना एकच ठाऊक होतं: अक्का.

महाविद्यालय चालवणारी आमची संस्था कागदोपत्री धर्मादाय न्यास आहे. म्हणजे तिला मालक नाही, विश्वस्त आहेत. विश्वस्त या शब्दात विश्वास आहे, पण तो कोणी कोणावर ठेवायचा हे त्या शब्दात सांगितलेलं नाही. त्यासाठी सभा भरवतात, आणि सभेत काय झालं ते प्रोसिडिंगच्या पुस्तकात लिहितात. ते पुस्तक अक्का लिहायच्या. मी मराठी शिकवत होतो आणि कार्यकारी मंडळावर शिक्षकांचा प्रतिनिधी होतो. प्रतिनिधी म्हणून माझं काम वेळेवर येणं आणि हजेरीची सही करणं, एवढंच आहे असं माझं प्रामाणिक मत होतं.

तुम्ही अशा सभांना कधी बसला असाल तर विषयपत्रिकेची शेवटची ओळ तुम्हालाही पाठ असेल. 'ऐनवेळचे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने.' आधीच्या नऊ विषयांत झेरॉक्स मशीनची दुरुस्ती असते, स्नेहसंमेलनाची तारीख असते, पाण्याच्या टाकीचं झाकण असतं. संस्थेचं भवितव्य असतं ते दहाव्या विषयात, आणि तो येतो नेमका चहाबरोबर.

दहावा विषय निघाला की अक्का मान वर न करता विचारायच्या, "विषय आला, की आणला?"

बहुतेकांना हा विनोद वाटायचा. मलाही वाटला होता. पण त्या उत्तर ऐकून घ्यायच्या आणि तसं लिहायच्या. आदल्या दिवशी प्रयोगशाळेचं छत गळलं, तेव्हा लिहिलं, 'विषय ऐनवेळी आला.' अध्यक्षांच्या एकसष्टीनिमित्त संस्थेतर्फे सत्काराचा ठराव झाला, तेव्हा लिहिलं, 'विषय ऐनवेळी आणला.' दोन शब्दांत एका अक्षराचा फरक. कोणी वाचलंच नाही. प्रोसिडिंगचं पुस्तक हे आपल्याकडे सही करण्यासाठी असतं.

त्या सत्काराला शाल लागणार होती. अक्कांनी कपाटातली शाल इस्त्री करून आणली. ही शाल आमच्या सगळ्यांच्या ओळखीची होती. मूल्यांकन समिती, माजी आमदार, कीर्तनकार आणि एक हवामानतज्ज्ञ यांच्या खांद्यांवरून ती सुखरूप परत आलेली होती. अध्यक्ष ती घडी करून गाडीत ठेवू लागले, तेव्हा अक्का गाडीपर्यंत गेल्या.

"भाऊ, शाल संस्थेची शे. खांदा तुमचा."

भाऊंनी शाल परत दिली, आणि हसले. ते हसू शकत, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. भाऊ म्हणजे आमचे अध्यक्ष. कापसाच्या जिनिंगचा धंदा, मोठा आवाज, आणि महाविद्यालयाला 'आपलं कॉलेज' म्हणायची सवय. त्यातलं 'आपलं' म्हणजे नेमकं कोणाकोणाचं, हे त्यांनी कधी फोड करून सांगितलं नाही.

आता मूळ गोष्ट. महाविद्यालयाच्या मागे, रस्त्याला लागून एक मोकळा प्लॉट आहे. पहूरकडच्या एका केळीवाल्या आबांनी तो संस्थेला दान दिला होता. त्यांची मुलगी हुशार होती, पण जळगावात राहायची सोय नाही म्हणून तिचं शिक्षण बारावीला थांबलं. आबांनी दानपत्रात लिहून घेतलं: मुलींच्या वसतिगृहासाठी, दुसऱ्या कशासाठी नाही. त्यानंतर दर वर्षी आमच्या अंदाजपत्रकात वसतिगृहाची एक ओळ असायची, आणि दर वर्षी ती रक्कम दुसरीकडे वळायची. एका वर्षी प्रवेशद्वाराची कमान झाली. एका वर्षी सभागृहाच्या खुर्च्या झाल्या. दानाच्या पैशाला पाय नसतात, पण आमच्याकडे त्याला चालवत नेणारे पुष्कळ होते.

आबा वर्षातून एकदा केळीची फणी घेऊन ऑफिसात यायचे. अक्का त्यांना खुर्ची द्यायच्या.

"बांधलं का काही?" आबा विचारायचे.

"नाही आबा. पण जागा रिकामी आहे अजून."

आबांना हे उत्तर पुरायचं. मला ते टोलवाटोलवीचं वाटायचं. ती पहाऱ्यावरच्या माणसानं दिलेली बातमी होती, हे मला उशिरा कळलं. मग आबांचे गुडघे गेले आणि त्यांचं येणं थांबलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली सभा. नऊ विषय संपले, कचोऱ्या आल्या, आणि भाऊंनी खिशातून एक कागद काढला. मागचा प्लॉट तीस वर्षांच्या भाडेकरारानं मंगल कार्यालयाच्या लॉनसाठी द्यावा. घेणारा भाऊंचा मेहुणा.

"विनाअनुदानित तुकड्यांच्या मास्तरांना पगार कुठून द्यायचा, सांगा," भाऊ म्हणाले. "भाडं येईल. सगळ्यांना मान्य ना?"

पगाराची गोष्ट खरी होती. ते शिक्षक माझ्याच विभागात होते. महिना संपला की त्यांची तोंडं मला दिसत. म्हणून प्रश्न अवघड होता. पण मी गप्प बसलो तो त्यामुळे नव्हे. माझ्या पदोन्नतीचे कागद भाऊंच्या शिफारशीसाठी अडलेले होते. गप्प बसणाऱ्याकडे नेहमी काहीतरी कारण असतं, आणि ते सहसा एखाद्या फायलीत असतं.

"विषय आला, की आणला?" अक्कांनी विचारलं.

"अक्का, लिहा. सर्वानुमते मंजूर."

"हो कोण म्हणलं, भाऊ?"

"सगळे गप्प आहेत म्हणजे हो. मौन म्हणजे संमती."

"ते लग्नात, भाऊ. पोरीला कोणी विचारत नाही म्हणून. सभेत मौन म्हंजे मौन."

कोणीतरी हसलं. भाऊ उठले, सभा संपली. जाताना ते अक्कांना हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचा पेन्शनचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आहे ना? बघतो." उन्हाळ्यात अक्का निवृत्त होणार होत्या. प्रस्ताव अध्यक्षांच्या सहीशिवाय पुढे जात नव्हता. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. पेन्शन हाच पुढचा आधार. हे भाऊंना माहीत होतं, आम्हालाही होतं.

इकडे लॉनचं कामही एका कागदावर अडलं होतं. न्यासाची जागा अशी लांब मुदतीनं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि त्या अर्जाला ठरावाची प्रत जोडावी लागते. म्हणजे सगळं अक्कांच्या एका शब्दावर आलं: सर्वानुमते.

चार दिवसांनी मी ऑफिसात गेलो. कच्चं इतिवृत्त टेबलावर होतं. मी माझं नाव शोधलं, जसं आपण सगळेच शोधतो. 'विषय ऐनवेळी आणला. विषय वाचला गेला तेव्हा सभासद कचोरी घेत होते. अध्यक्षांनी मान्य आहे का असे विचारले.' पुढे खजिनदार, दोन सभासद आणि मी, अशी चार नावं, आणि त्यांच्यापुढे एकच क्रियापद: 'गप्प राहिले.'

"अक्का, गप्प हा शब्द इतिवृत्तात शोभत नाही," मी म्हटलं.

"तुम्ही मराठीचे. दुसरा द्या, लिहिते."

मी विचार केल्यासारखं केलं. "तटस्थ लिहा."

"तटस्थ म्हंजे तटावर उभा ऱ्हातो तो ना, सर? तुम्ही कुठं काठावर होते? तुम्ही कचोरी खात होते."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. कागद सारखे करत त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या, "बठ्ठा गप शेतस. भाऊचं नवल नाही वाटत माले. तुम्हनं वाटस."

सगळेच गप्प; पण नवल भाऊंचं नाही, तुमचं वाटतं. वर्गात मी बत्तीस वर्षं भाषेवर बोललो. माझ्याबद्दल इतकं अचूक वाक्य कोणी बोललं नव्हतं.

पुढच्या सभेचा पहिला विषय, जसा असतो तसा, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. हा विषय आमच्याकडे अर्ध्या मिनिटाचा. 'वाचलं असं समजा' म्हणायचं आणि पुढे जायचं. अक्का म्हणाल्या, "समजत नाही, वाचते." आणि उभं राहून कचोरीसकट सगळं वाचलं.

भाऊंचा चेहरा लाल झाला. "हे बदला."

"चूक असंल तर बदलते. त्या दिवशी ज्यांनी हो म्हटलं, त्यांनी हात वर करावा. नाव घालून दुरुस्ती लिहिते."

पंखा फिरत होता. सगळ्यांना एकदम आपापल्या चष्म्याच्या काचा पुसाव्याशा वाटल्या. अक्का पेन धरून उभ्या होत्या. आणखी अर्धं मिनिट असंच गेलं असतं तर इतिवृत्तात दुसऱ्यांदा 'गप्प' आलं असतं, आणि त्या वेळी ते माझ्यापुरतं कायमचं झालं असतं.

मी म्हणालो, "मी हो म्हटलं नव्हतं. नोंद बरोबर आहे." आवाज मला हवा होता तितका मोठा निघाला नाही. मग म्हणालो, "आणि माझा या विषयाला विरोध आहे. पगाराचं वेगळं बघू. ती जागा मुलींची आहे."

खजिनदार काका कापडाचे व्यापारी, तीन पिढ्यांमागे राजस्थानातून आलेले. आयुष्यात कधी घाईनं बोलले नसतील. ते म्हणाले, "माझंही गप्पच राहू द्या. म्हणजे तेव्हा गप्प. आता नाही."

बाकीचे दोघे मग वाट मोकळी झाल्यासारखे बोलले. विषय पुढच्या सभेत रीतसर पत्रिकेवर घ्यायचं ठरलं. रीतसर आला म्हणून दानपत्र वाचावं लागलं, आणि दानपत्र वाचल्यावर लॉनला अंथरायला जागाच उरली नाही. पगारासाठी खजिनदार काकांनी बाजारपेठेत चार दुकानं फिरून काहीतरी जमवलं. ते पुरलं नाही, आजही पुरत नाही. हे सांगायला हवं, कारण अक्कांनी ते लिहिलं असतं.

पेन्शनची फाइल मात्र तिथेच राहिली. अक्कांनी एकदाही विचारलं नाही. मी विषय काढला तर म्हणायच्या, "सही आली पाहिजे, सर. आणायची नसते." निवृत्ती महिन्यावर आली, तेव्हा खजिनदार काका एका सकाळी भाऊंकडे गेले, फाइल उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि पेन दिलं.

"भाऊ, शेवटची सभा अक्काच लिहिणार आहे. फाइल किती दिवस पडून होती, तेही लिहील."

भाऊंनी सही केली. माझी शिफारसही नंतर झाली. पण तिच्याबद्दल मी काही अभिमानानं सांगावं असं त्यात नाही.

शेवटच्या सभेत नऊ विषय झाले. चहा आला. भाऊ खाकरले. "एक ऐनवेळचा विषय आहे."

अक्का सवयीनं म्हणाल्या, "आला, की आणला?"

भाऊंनी कप खाली ठेवला. "आणला, अक्का. मीच आणला." मग कागद न पाहता म्हणाले, "अक्कांनी या संस्थेचं जे राखलं, त्याबद्दल आभाराचा ठराव."

अक्कांनी मान खाली घालून लिहायला घेतलं. मग एकेकाकडे बघून विचारत गेल्या, "हो का? हो का?" माझ्याशी येऊन थांबल्या. "सर?"

"हो," मी म्हटलं. खोलीतला सर्वात मोठा आवाज माझा होता.

आता त्या देवपूरला भावाकडे असतात. प्लॉटवर वसतिगृहाचे खांब पहिल्या मजल्यापर्यंत आले आहेत, आणि पैशाअभावी तिथेच थांबले आहेत. पहिला स्लॅब ओतला तेव्हा मी अक्कांना फोन केला. त्या म्हणाल्या, "आबांना कळवलं का? आधी त्यांना." मी पहूरला जाऊन आलो. आबांनी मला केळीची फणी दिली.

इतिवृत्त हल्ली संगणकावर होतं. 'सर्वानुमते' हा शब्द आधीच टाइप केलेला असतो आणि पानाखाली भरपूर जागा कोरी राहते. परवा जुन्या ठरावाची प्रत हवी होती म्हणून मी ते पुस्तक काढलं आणि शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. आभाराचा ठराव तिथे आहे. 'विषय अध्यक्षांनी ऐनवेळी आणला. उपस्थित सर्वांनी प्रत्येकी हो म्हटले. ठराव सर्वानुमते मंजूर.' अक्षर नेहमीचंच, कुठे हललेलं नाही. त्याखाली आणखी एक ओळ आहे, जी आम्हाला कोणी वाचून दाखवली नव्हती. पुढची सभा अक्कांशिवाय झाली, आणि 'वाचलं असं समजा' म्हणून सही झाली होती.

'कार्यालय अधीक्षक गप्प राहिल्या.'

आणि त्याखाली, उरलेल्या पानावर, तिरपी रेघ.