खिडकीतला चहा

ठप्प. हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो शाळेच्या दारात, पाण्याच्या माठाजवळ बसून. आत पडद्यामागे लोक मतपत्रिकेवर शिक्का मारत होते. मी ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून नुकताच लागलो होतो. पुढे तीस वर्षं तेच काम केलं. चहा केला, नोटिसा वाटल्या, दर निवडणुकीत माठ भरला. मला बोलायची सवय कमी. न बोलणाऱ्यासमोर लोक मोकळे होतात. म्हणून हे किस्से माझ्याकडे साचत गेले, तलावात गाळ साचतो तसे.

*

तेव्हा शिक्क्याच्या आवाजावरून मला माणूस ओळखू यायचा. पाटील जोरात मारायचे, नव्या सुना अगदी हळू. एका वर्षी आसाराम आत गेला आणि दोनदा आवाज आला. ठप्प, ठप्प.

तो बाहेर आल्यावर मी विचारलं, दोन काहून?

तो म्हणाला, "दोघाइच्याही घरी जेवलो ना गा. एकाले नाराज कायले करू?"

मत बाद झालं. पण आसाराम आपलाच माणूस आहे, असं दोन्ही उमेदवार शेवटपर्यंत सांगत राहिले.

*

मग मशीन आली. आमचा वॉर्ड तीन जागांचा, वरून सरपंचही थेट निवडायचा. म्हणजे एका माणसानं चार बटणं दाबायची. चारही दाबल्याशिवाय मशीनची लांब शिटी वाजत नाही.

फुलवंता आजी एक बटण दाबून काठी टेकत निघाली. मतदान केंद्रावरच्या साहेबांनी तिला अडवलं. आजी, अजून तीन राहिली.

आजीनं त्यांच्यासमोर बोट धरलं. "शाई तं एकाच बोटाले लावली ना बाप्पा. मंग मतं चार कायले मागता?"

साहेबांनी तिला पुन्हा मशीनकडे पाठवलं.

*

आता डोमाजी. खालच्या टोलीतला, म्हणजे खालच्या वस्तीतला, माझा लहानपणचा दोस्त. कोणाचा दाखला, कोणाचा नळ, दुसऱ्यांची कामं घेऊन रोज पंचायतीत यायचा. पण सदस्य नव्हता. मासिक सभेत खुर्च्या सदस्यांना. डोमाजी माझ्या स्टोव्हजवळच्या खिडकीबाहेर उभा राहायचा आणि मी गजांतून त्याला चहा द्यायचो.

एकदा नवे ग्रामसेवक आले, पार दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यातले. सभेत विषय निघाला, मामा तलावाचा गाळ काढायचा. माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या तलावाला आमच्याकडे सगळे मामा तलावच म्हणतात. ग्रामसेवकांनी पेन थांबवून विचारलं, "पण मामांची संमती घेतली आहे का?"

खिडकीतून डोमाजी म्हणाला, "मामा गेले साहेब. हे सारे भाचेच बसले हायेत, यायलेच विचारा."

*

नोटाचं बटण आलं तेव्हा याच ग्रामसेवकांनी आम्हाला ते समजावून सांगितलं. सगळ्यात खालचं बटण, वरीलपैकी कोणीही नाही. मला ते फार आवडलं. कोणीही निवडून आला तरी मला त्याला चहा द्यायचा असतो. मी म्हणालो, हे बटण शिपायासाठीच काढलं असेल. तेव्हापासून माझं बोट तिथंच जायचं. खाली, सवयीनं.

खिडकीत डोमाजी होता. हसला आणि म्हणाला, "म्हंजे चहा सबनले, अन् मत कोनालेच नाई?"

*

माझ्या नोकरीतली ती शेवटची निवडणूक. त्याआधी डोमाजी आमच्याच वॉर्डातून दोनदा उभा राहून पडला होता. तिसऱ्यांदा फॉर्म भरून आला तेव्हा खिडकीशी थांबला. म्हणाला, "एक डाव आत बसून तुह्या हातचा चहा प्याचा हाय गा. खुर्चीवर."

चिन्ह त्याला मिळालं कपबशी.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या उमेदवाराची तक्रार आली. पंचायतीत शिपाई रोज कपबशीतून चहा देतो, हा प्रचार आहे. ग्रामसेवक घाबरले. आचारसंहिता संपेपर्यंत सगळ्या कपबशा कपाटात, चहा स्टीलच्या ग्लासात. सरपंचबाईंचे ओठ भाजले. त्या म्हणाल्या, बरं झालं त्याले चूल नाई भेटली, नाईतर आज चहाच भेटला नसता.

डोमाजी मत मागायला घरोघरी फिरला. आमचं घर तेवढं सोडलं. माझ्या बायकोनं रस्त्यात विचारलं, भाऊजी, आमच्याकडे नाही आले? तो म्हणाला, "तुमचं तं घरचंच हाय, वयनी."

मतदानाच्या दिवशी माठ भरून झाल्यावर मीही रांगेत लागलो. आत गेलो. चार बटणं दाबली. लांब शिटी वाजली.

मोजणी तालुक्याला, साकोलीला होती. आम्ही दोघं एकाच बसनं गेलो, एकाच सीटवर. डोमाजीनं धुतलेला सदरा घातला होता. त्याच्या जागेचा निकाल मोजणीच्या साहेबांनी वाचला. कपबशी आणि समोरची शिलाई मशीन, दोघांना सारखी मतं. पुढं वाचलं, नोटा, एक.

मागून कोणीतरी हसलं, कोन हाय रे हा एकटा? डोमाजी हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

मग चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी शिलाई मशीनची निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंचायत उघडली. कपाटातून कपबशा काढून धुतल्या, स्टोव्ह पेटवला. डोमाजी नेहमीच्या वेळेला खिडकीशी आला. मी दार पूर्ण उघडलं आणि सदस्यांची एक खुर्ची ओढून ठेवली.

तो आत आला. बसला. मी बशीत कप ठेवून त्याच्या हातात दिला. त्यानं सावकाश फुंकर मारत सगळा चहा प्यायला. मग उठला, कपबशी स्वतः विसळली, स्टोव्हजवळ पालथी घातली, खुर्ची उचलून जागेवर नेऊन ठेवली, आणि दारातून निघून गेला.