दुसऱ्या टेबलाची मूठ

चेन्नईजवळ तांबरमला आमच्या शेजारी राहणारे मामा मूळचे तंजावरचे मराठी. कानावर पेन्सिल, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तमिळ ‘सरिया?’, म्हणजे बरोबर ना? उत्तराची वाट मात्र ते कधीच बघत नाहीत. पलंगाच्या दोन्ही बाजूंना ठेवायला त्यांनी सागवानी टेबलांची जोडी स्वतःच्या हातांनी केली. ते गच्चीवर करवत चालवत, तेव्हा मामी फळ्या दाबून धरत.

टेबलं तयार झाल्यावर त्यांनी मला बघायला बोलावलं. हातात कसब आहे, मी नाकारत नाही. रंधा असा मारलेला की हात फिरवतच राहावा. मामांच्या टेबलाला खण, खणाला कुलूप. मामींनी आपल्या टेबलाची पितळी मूठ ओढली, तर ती हलेना. खण नव्हताच. नुसत्या फळीवर मूठ बसवलेली!

माझं डोकंच फिरलं. “फळ्या धरायला मामी हव्यात, आणि खण एकट्या तुम्हाला? मामा, ही सरळ फसवणूक आहे!”

“हिला काय ठेवायचंय त्यात? बाहेरून जोडी सारखी दिसते, सरिया? आत कोण बघणार?”

“मी,” मामी म्हणाल्या.

मामांनी फडकं उचललं आणि ती मूठ आणखी चकचकीत केली.