पंचामृत प्यालेलं पिस्तूल

शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला आणि आमच्या ह्यांनी पिस्तुलाचा परवाना काढला. आमची डाळिंबाची बाग सोलापूरहून अक्कलकोटच्या अंगाला. घर बागेतच, हाकेच्या अंतरावर कुणी नाही. परवाना हातात आल्यावर ह्यांनी दुकानातलं सगळ्यात स्वस्त, कुणीतरी वापरून विकलेलं पिस्तूल आणलं. कागदावर ते रिव्हॉल्व्हर आहे, घरात पिस्तूलच. चुलतसासऱ्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "यापरीस गोफण बरी की."

पण ते टिकलं. ट्रॅक्टरवरून पडलं, उन्हाळ्यातला फुफाटा खाल्ला, दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा होऊन तिथल्या कपाटात धूळ खात पडलं; तरी रिकामा चाप ओढून बघितला की चाक फिरायचंच. ह्यांना त्याचा कोण अभिमान! एवढं कौतुक आमच्याकडं जावयाचंही होत नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही घरातलं झाडून सगळं हत्यार देवापुढं मांडतो: विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप आणि गोळ्या काढलेलं पिस्तूल. बाकीच्यांना हळदकुंकू. पण घराची राखण करणाऱ्याला एवढ्यावर बोळवू नये, असं सासूबाईंना वाटलं. त्यांनी देवाला घालतात तसं पिस्तुलाला पंचामृत घातलं. दूध, दही, तूप, मध, साखर. ह्यांनी कपाळाला हात लावला, त्यांच्यावर चिडले, फडक्यानं वरवर पुसलं, गोळ्या भरल्या आणि ठेवून दिलं.

कोजागिरीनंतर सासूबाई अक्कलकोटला लेकीकडं गेल्या. त्या येणार होत्या त्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला कुत्रं भुंकायला लागलं. बागेतून कुणीतरी वाकून चाललं होतं, डोक्यावर गोणपाटाची खोळ. फळं तोडायला आली होती आणि आसपास डाळिंबं चोरीला जात होती. ह्यांनी हाका मारल्या. उत्तर नाही. ते माणूस पुढंच येत राहिलं. हवेत बार काढायचा होता, असं हे आजही सांगतात. पण नळी बागेकडं होती, हे मी शेजारी उभी राहून पाहिलंय. त्यांनी चाप ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला. मध-साखर आत वाळून घट्ट झाली होती.

खोळ मागं सरली. "कुत्र्याला आवरा की जरा," सासूबाई म्हणाल्या. त्या एक दिवस आधीच निघाल्या होत्या, भुरभुर पाऊस लागला म्हणून बांधावरनं आल्या होत्या. त्यांना ऐकायला कमी येतं, हाका पोचल्याच नव्हत्या. लेकाच्या हाताकडं बघून म्हणाल्या, "पूजेची वस्तू आशी मिरवू न्हाय रं."

ह्यांनी तिथंच ओल्यात बसकण मारली.

देव तारी त्याला कोण मारी, म्हणतात. सासूबाईंना त्यांच्याच हातच्या पंचामृतानं तारलं, आणि माझ्या नवऱ्याला त्याहून जास्त. त्या स्वस्तातल्या पिस्तुलाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. शहरातल्या दुकानदारानं ते उघडून साफ केलं, आता पुन्हा न कुरकुरता फिरतं. सासूबाईंना आम्ही काही सांगितलं नाही.

यंदाच्या खंडेनवमीला त्यांनी पिस्तुलाला नुसतं कुंकू लावलं. "पंचामृत न्हाय घालत बाबा, तू चिडतोस," म्हणाल्या. ह्यांनी देवापुढची वाटी उचलून त्यांच्या हातात दिली.

"घाल आई," म्हणाले. "आतपर्यंत मुरू दे."