मुग्धाचा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? ओळखीच्या माणसांसमोर माझी जीभच उचलत नाही, म्हणून असेल.

आमच्या घरात मी प्रेमळ काकू म्हणून प्रसिद्ध आहे. कोथरूडला एकाच सोसायटीत आम्ही आणि मोठे दीर-जाऊ, वर-खाली राहतो. जाऊबाईंची मुग्धा माझ्याच घरात वाढली म्हणा ना! तिच्या वेण्या मी घालायची, पाढे मी घ्यायची.

तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि माझा निनाद तीन. एका रविवारी आम्ही सगळे सर्पोद्यानात गेलो. जाऊबाईंना सापांची शिसारी, त्यामुळे त्या बाहेर झाडाखाली सतरंजी टाकून बसल्या. पुरुषमंडळी गप्पांत. मी नेते दोघांना, म्हटलं — हौसच दांडगी माझी! अजगर हलत नाही म्हणून निनाद रुसला, तर मुग्धाच त्याला समजावत होती की तो झोपलाय, उठवलं तर त्याची आई रागवेल.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "साप सुटला!" कॉलेजच्या टवाळ पोरांची चेष्टा होती, पण ते नंतर कळलं. एकच पळापळ झाली. मी निनादला उचललं आणि धावत सुटले. त्या गर्दीत मुग्धाचा हात सुटला.

सुटला? — नाही. दर वेळी मी इथेच अडखळते. निनादला उचलायला मला दुसरा हात हवा होता, आणि मुग्धाने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मी झटकला. सुटेना, म्हणून पुन्हा झटकला. ती "काकू" म्हणाली. मी ऐकलं — आणि पळाले.

घाबरल्यावर माणसाकडून असं होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका. कारण यापुढचं मी घाबरून केलेलं नाही.

ती सापडली मगरींच्या कुंपणापाशी, एका अनोळखी बाईंचा पदर धरून. गुडघे सोललेले. जाऊबाई धावत आल्या. ही एकटी कशी, म्हणून विचारलं, आणि मी चांगल्या शांत आवाजात म्हणाले, "हात सोडवून पळाली हो. ऐकते कुठे!"

जाऊबाईंनी तिथेच तिच्या थोबाडीत दिली. काकूला सॉरी म्हण म्हणाल्या. मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. काय बोलणार होती ती, एवढीशी? सॉरी म्हणाली. मी तिला जवळ घेतलं, डोळे पुसले. सगळ्यांना माझं केवढं कौतुक वाटलं!

पुढे तो घरातला किस्साच झाला. कुणी पाहुणे आले, की "आमची पळपुटी" म्हणून सगळे तिला चिडवायचे. मीही हसायचे. ती विसरली असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले. खरं सांगते, ती मला शिव्या देत मोठी झाली असती, तर बरं झालं असतं.

आता मुग्धा खराडीत नोकरी करते, तिला चार वर्षांची मुलगी आहे. गेल्या महिन्यात हौसेने मला आणि लेकीला त्याच सर्पोद्यानात घेऊन गेली. दारापाशी मुलीसमोर उकिडवी बसून म्हणाली, "आजीचा हात अजिबात सोडायचा नाही हं. मी लहानपणी इथेच काकूचा हात सोडून पळाले होते. बिचारी कसली घाबरली होती!"

मी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. टोमणा असेल, राग असेल — काहीतरी असेल. काही नव्हतं. तिला खरंच तसं आठवतं. माझं खोटं तिला स्वतःची आठवण म्हणून आठवतं. मला लाज वाटली. तेव्हा तरी बोलले का? आजूबाजूला कुणी नव्हतं. घाई नव्हती. एक वाक्य पुरलं असतं.

मुग्धा उठली. "काकू, हिला तू धर, मी तिकिटं काढून आणते. तुझ्याकडे असली, की मला काळजी नसते."

मी "बरं" म्हणाले.