सीटखालची ढोलकी

वायरीला गुंडाळायच्या काळ्या टेपचा वास आला की ती राजूरची वाट आठवते. नगरचा दुकानदार म्हणाला होता, "सबवूफर डिकीतच बसवतात." मी ठाम होतो, कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवा, मागच्या स्पीकरमधून लाईन घ्या, पण खर्ज घुमवणारा तो डबा आईच्या सीटखालीच बसवा. आईने गायनपार्टीत वर्षानुवर्षं ढोलकी वाजवलेली. आता कानांनी साथ सोडली असली, तरी ठोका तिच्या अंगाला कळेल, याची मला खात्री होती. निघताना भीमगीतं लावली. अकोले मागे पडल्यावर तिची बोटं गुडघ्यावर चालू लागली. मी खुशीत तिच्याकडे पाहिलं, तर म्हणाली, "ह्यो ढोलकीवाला लई घाई करतोय." लहानपणापासून पाठ असलेल्या त्या गाण्यात आता मलाही त्याची घाईच ऐकू येते.