काळ्या मातीची झिलई

भट्टी पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडायचं नाही, हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला दरडावून सांगतो. त्या दुपारी मीच उघडलं. गार हवा आत शिरली, वरचा कप टणकन तडकला आणि मी चोरासारखं झाकण परत लावलं.

पण धीर कुठून आणायचा! बायकोच्या माहेरची, तेल्हाऱ्याच्या शेतातली काळी माती मी पहिल्यांदाच झिलई म्हणून दोन कपांवर चढवली होती. ही माती वाळली की भेगाळते, तिची भांडी होत नाहीत. पण पातळ करून लावली तर भट्टीत वितळून काचेसारखी चढेल, असं माझं म्हणणं. सासरे हसले होते, "जावईबापू, हे माती कपाशीची हाय, कपबशीची नाही!" आणि दोनातला एक कप तर मीच संपवला होता.

संध्याकाळी झाकण काढलं आणि ओरडलोच. उरलेल्या कपावर काकवीसारखा गडद, चकचकीत रंग! इतकी वर्षं रोज सकाळी चाकावर बसून तेच ते कप करतोय, तरी भट्टी उघडताना पहिल्या दिवसासारखाच उतावळा होतो.

कप घेऊन स्वयंपाकघरात धावलो. बायकोनं तो उलटसुलट पाहिला, विसळला, त्यात चहा ओतला आणि उभ्या उभ्या प्यायला.

"मस्त झाला बाप्पा," ती म्हणाली. "पन हा आता माहा. बाबाले दुसरा लागन. उद्या सकायी लवकर बसा चाकावर."